‘पथेर पांचाली’ : कादंबरीचा निवेदक आणि चित्रपटाची माणसे

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाची चर्चा मराठीत बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : चित्रपटाने मूळ कृतीशी इमान राखले की नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात प्रामुख्याने कथानक असते. कोणते प्रसंग राहिले, कोणते गळले, शेवट बदलला काय, एवढी मोजदाद झाली की निकाल दिला जातो. परंतु कादंबरी म्हणजे प्रसंगांचे गाठोडे नव्हे. ते प्रसंग सांगणारा एक आवाज तिच्यात असतो. तो मध्येच थांबतो, मागले आठवतो, पुढले सूचित करतो, पात्राच्या मनात शिरतो आणि तेथून सहज बाहेर येतो. पडद्यावर या आवाजाला जागा नसते. आणि ज्या चित्रपटांनी पार्श्वनिवेदनाच्या द्वारे ती बळेच करून दिली, त्यांतील बहुतेकांना तो उसना वाटावा असाच लाभला आहे. मग निवेदकाचे काम कोण करतो? नट, छायालेखक, कलादिग्दर्शक, संगीतकार, संकलक हे सारे मिळून ते वाटून घेतात. ही वाटणी क्वचितच समसमान होते. एखाद्याच्या वाट्याला अधिक येते, एखादा आपल्या वाट्याहून अधिक उचलतो, आणि कोणाकडून त्याचा वाटा पेलला जात नाही. मूळ कृतीचा तोल बदलतो तो येथे.

‘पथेर पांचाली’ या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची कादंबरी ‘विचित्रा’ या मासिकातून क्रमशः येऊन १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात प्रथम दाखविला गेला आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला कलकत्त्यात प्रदर्शित झाला. पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५६ साली कानच्या महोत्सवातील पारितोषिक ही मानचिन्हे त्याला मिळाली. कादंबरी श्रेष्ठ, चित्रपटही श्रेष्ठ. तेव्हा दुसरा पहिलीशी एकनिष्ठ असलाच पाहिजे, असा एक समज यातून रूढ होऊन बसला. तो अर्धाच खरा आहे. बिभूतिभूषणांची कादंबरी अपूची आहे. रायांचा चित्रपट अपूच्या घरातील तीन स्त्रियांचा आहे : म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा, सर्वजयेचा आणि दुर्गेचा. हा पालट केवळ पटकथा लिहिताना झाला असे म्हणता येत नाही. कोणती व्यक्ती कोणत्या भूमिकेत उभी राहिली, कोणाच्या हाती कॅमेरा होता, सतार आणि तारशहनाई कोठे वाजली, यांवरून तो अधिक नेमका उलगडतो.

प्रथम कादंबरीची बांधणी पाहिली पाहिजे. तिचे तीन भाग आहेत : ‘बल्लाली बालाई’, ‘आम आँटिर भेंपू’ आणि ‘अक्रूर संवाद’. पहिल्या भागाच्या नावातच बल्लाळसेनाचा निर्देश आहे. बंगालमधील कुलीनप्रथेचे मूळ परंपरेने या राजाशी जोडले जाते. इंदिर ठाकरुण ही त्या प्रथेची बळी. तिचा कुलीन नवरा ठिकठिकाणी लग्ने करून फिरणारा. तो वर्षादोनवर्षांनी उगवावयाचा आणि आपला मान वसूल करून पुढच्या सासुरवाडीला निघून जावयाचा. तिला एक मुलगी झाली, तीही गेली. निवेदक हा सारा इतिहास थोड्या पानांत सांगतो, म्हातारीला सर्वजयेच्या दारातून बाहेर काढतो, आणि अपू अद्याप तान्हा असतानाच तिला मृत्यू देतो. तिच्याबरोबर निश्चिंदिपूरचा जुना काळ संपला, अशी त्याची भूमिका आहे. तेथून पुढे पुस्तकाचा ताबा अपू घेतो. आईच्या तोंडून महाभारत ऐकताना रथाचे चाक जमिनीत रुतलेल्या कर्णासाठी त्याचा जीव तुटतो. बापाच्या पेटीतील जुन्या पोथीत वाचलेल्या मजकुरावर विश्वासून, गिधाडाच्या अंड्यात पारा भरला की माणसाला उडता येते, म्हणून तो अंडी मिळवू पाहतो. घरामागची बांबूची बेटे त्याला भारतीय युद्धाची रणभूमी वाटतात. एका कल्पक मनाची घडण हाच या कादंबरीचा खरा विषय आहे. दारिद्र्य ही त्या घडणीची केवळ हवा आहे. चित्रपट पहिले दोन भाग घेतो आणि कुटुंबाने गाव सोडले तेथे थांबतो. काशीचा भाग ‘अपराजितो’ (१९५६) या पुढील चित्रपटात गेला.

राय या कादंबरीकडे आले ते चित्रकार म्हणून. डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत ते नोकरीला होते, आणि सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची सजावट करीत. ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती ‘आम आँटिर भेंपू’ या नावाने निघाली, तिची चित्रे त्यांनी काढली. या गोष्टीचे महत्त्व सहसा पुरेसे ओळखले जात नाही. निवेदकाची विस्तृत चिंतने ज्यात छाटलेली आहेत, अशा पाठाशी त्यांचा हात प्रथम खेळला. आणि खेळला तो शब्दांनी नव्हे, रेषांनी. पुढे चित्रपटासाठीही रूढ अर्थाची लिखित पटकथा त्यांनी केली नाही. टिपणे आणि चित्रे यांची वही एवढेच साधन होते. निवेदकाला या वहीत आरंभापासूनच जागा नव्हती.

सभोवतीची मंडळी कशी जमली ही हकीकत आता दंतकथेच्या पदवीला पोचली आहे. छायालेखक सुब्रत मित्र हे विशीतले तरुण. स्थिरचित्रे काढीत, चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी पूर्वी चालविला नव्हता. झाँ रन्वार ‘द रिव्हर’च्या चित्रणासाठी कलकत्त्यात आले असता हा तरुण तेथे जाऊन प्रकाशयोजनेची टिपणे करीत बसे. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त हे काश्मीरहून चित्रकलेसाठी कलकत्त्यास आलेले. रन्वारच्या चित्रपटात त्यांनी उमेदवारी केली होती. स्वतः राय यांनी पूर्वी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता. यावरून ‘नवशिक्यांनी केलेला चित्रपट’ असे त्याचे वर्णन केले जाते, आणि नवशिकेपणालाच त्याच्या यशाचे श्रेय देण्याची भाबडी प्रथाही पडली आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. हरिहराचे काम करणारे कनू बॅनर्जी व्यावसायिक नट होते. किराणा दुकान आणि पाठशाळा एकाच ओट्यावर चालविणारा प्रसन्न पंतोजी तुलसी चक्रवर्ती यांनी केला, आणि त्यांची विनोदी नट म्हणून बंगालभर ख्याती होती. शेजारची कडक बाई सेजो ठाकरुण झालेल्या रेबा देवीही याच व्यवसायातल्या. संकलक दुलाल दत्त हे चित्रपटधंद्यातच शिकलेले. चुनीबाला देवींचा तर सारा जन्म रंगभूमीशी बांधलेला होता. रायांनी जी निवड केली ती निराळी आहे. ज्या भूमिकेत माणसाचा वरचा आकार चटकन ओळखू यावा लागतो, पंतोजी, भिक्षुक, तोंडाळ शेजारीण, तेथे त्यांनी कसलेले नट घेतले. जेथे भूमिकेच्या आत बराच वेळ राहावयाचे होते, तेथे अपरिचित चेहरे शोधले. या नियमाला मोठा अपवाद एकच, आणि तोच चित्रपटाचा कणा झाला.

मराठी वाचकाला येथे ‘श्यामची आई’ आठवणे साहजिक आहे. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेथेही खेड्यातील दरिद्री घर आणि त्या घरातील आई आहे. पण आईच्या भूमिकेत वनमाला उभ्या राहिल्या, आणि ‘सिकंदर’ची (१९४१) ही नायिका प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर पूर्वीपासून होती. ओळखीच्या चेहऱ्याने वैभव उतरवून साधे लुगडे नेसावे, यात त्यागाचा एक आयता अर्थ असतो. सर्वजयेच्या चेहऱ्याला असा पूर्वार्थ नव्हता. एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असे यावरून ठरत नाही; मात्र दोन्ही आयांच्या दारिद्र्याचा प्रेक्षकावर होणारा परिणाम वेगळा का आहे, हे कळते.

आता तो अपवाद. इंदिर ठाकरुणच्या भूमिकेसाठी रेबा देवींनी चुनीबाला देवींचे नाव सुचविले. त्या सुमारे ऐंशी वर्षांच्या होत्या. पूर्वी रंगभूमीवर आणि मूकपटात कामे करून कित्येक वर्षे विस्मृतीत गेलेल्या. पाठीला बाक, तोंडाचे बोळके, सुरकुत्यांत हरवलेले डोळे. कादंबरीत वर्णिलेली म्हातारी जशीच्या तशी समोर आली. पण साम्य ही येथे दुय्यम गोष्ट आहे. एवढ्या वयाची दुसरी बाई मिळाली असती, तरी कुलीनप्रथेचा तो सारा इतिहास पडद्यावर सांगावा लागला असता. नाही तर गाळावा लागला असता. राय यांनी तो गाळला. नवऱ्याचा निर्देश नाही, मेलेल्या मुलीची कहाणी नाही, बल्लाळसेन तर नाहीच. आणि तरीही काही गळले असे प्रेक्षकाला वाटत नाही. ही करामत चुनीबालांच्या देहाची आहे. जेवण झाल्यावर बोटे चाटताना त्या जी तन्मयता दाखवितात, तिच्यात अनेक वर्षांचे अर्धपोट जेवण साठलेले आहे. दुर्गेने चोरून आणलेले फळ पाहून त्यांचा चेहरा उजळतो, तो म्हातारीचा उरत नाही, एका हावऱ्या मुलीचा होतो. फाटकी चटई आणि गाठोडे उचलून घराबाहेर पडताना त्या ज्या सफाईने ती बगलेत मारतात, त्यावरून हे निघून जाणे पहिले नव्हे, हे कोणी न सांगता समजते. निवेदकाला ज्यासाठी पाने खर्चावी लागली, ते त्यांनी हालचालीत मांडले.

या नटीला आपल्या कलेचे पुरते भान होते, हेही नोंदविले पाहिजे. मागील चित्रणाच्या वेळी कोणता हात ओला होता, पदर कसा होता, हे त्यांच्या ध्यानात राही आणि चूक झाली तर त्या दाखवून देत. प्रेतयात्रेच्या चित्रणात त्यांना तिरडीवर बांधून नेण्यात आले. चित्रण संपल्यावरही त्या निश्चल राहिल्यामुळे मंडळी घाबरली, तेव्हा डोळे उघडून, झाले काय, ते आपल्याला कोणी सांगितलेच नाही, असे त्या म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचा अंत झाला.

चित्रपटातील सर्वांत मोठा बदल याच पात्राच्या संबंधात आहे, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही. कादंबरीत अपूच्या बालपणाशी इंदिर ठाकरुणचा संबंध जवळजवळ नाही. चित्रपटात ती अपू पाठशाळेत जाऊ लागेपर्यंत जगते. सर्वजयेने अखेरचा थारा नाकारल्यावर ती घोटभर पाणी पिते, उरलेले पाणी एका रोपट्यावर शिंपडते आणि निघून जाते. आगगाडी पाहून परतणाऱ्या दुर्गा-अपूला ती बांबूच्या बनात बसलेली आढळते. दुर्गा गंमत म्हणून तिला हलविते, आणि ती कलंडते. कादंबरीत म्हातारीच्या मृत्यूने एक युग संपते. चित्रपटात दोन मुले मृत्यूला हात लावतात. पहिली गोष्ट इतिहासकाराची आहे, दुसरी त्या अंगणातली आहे. येथून चित्रपटाचा तोल अपूच्या मनाकडून घरातील बायकांकडे झुकू लागतो.

सर्वजयेची भूमिका करुणा बॅनर्जी यांनी केली. त्या रायांच्या एका मित्राच्या पत्नी. सुशिक्षित, जननाट्य चळवळीत काम केलेल्या. आरंभी त्यांनी या भूमिकेला नकार दिला होता. कादंबरीतील सर्वजया निवेदकाच्या दयेवर अवलंबून आहे. ती म्हातारीशी निर्दयपणे वागते तेव्हा निवेदक मध्ये पडून तिची बाजू समजावतो, आणि पुढे आयुष्याने तिच्याकडून त्याची किंमत कशी घेतली तेही पाहतो. पडद्यावर असा मध्यस्थ नाही. निर्दयता आणि तिचे कारण एकाच चेहऱ्यावर, एकाच क्षणी दिसावे लागते. करुणा बॅनर्जी यांनी हे ज्या रीतीने केले, ती पुढील भारतीय नटींना आदर्श ठरावी अशी आहे. हार चोरल्याचा आळ आल्यावर त्या दुर्गेला केसांनी ओढीत नेतात, बाहेर काढून दार लावून घेतात, आणि दारापाशीच बसून रडू लागतात. राग ओसरल्यावर रडू येते असे येथे नाही. केस ओढणाऱ्या हातातच ते रडू आधीपासून आहे. थोड्याच वेळाने अपूला, ताईला जेवायला बोलाव, असे सांगताना त्यांचा सूर नेहमीसारखा कोरडा असतो. त्या कोरड्या सुरासाठी कादंबरीकाराला एक परिच्छेद लागला असता.

इंदिर ठाकरुणशी तिचे जे वैर आहे, तेही या नटीमुळे साधे सासुरवासाचे प्रकरण राहत नाही. भुकेल्या घरातील बाई दुसऱ्या भुकेल्या बाईचा द्वेष करते, कारण तिच्यात तिला आपले उद्याचे रूप दिसते. हे वाक्य चित्रपटात कोणी उच्चारीत नाही. परंतु म्हातारीकडे पाहताना करुणा बॅनर्जी यांची नजर दर वेळी एक क्षण आधी वळते, आणि प्रेक्षकाला ते कळून चुकते.

उमा दासगुप्ता हिच्या दुर्गेविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तिच्याविषयी मतभेद नाहीत. शाळेच्या नाटकांतून काम करणारी ही मुलगी रायांना मिळाली आणि अपूचे सारे बालपण तिने आपल्या पाठीशी बांधून चालविले. या चित्रपटाच्या मागे तिने चित्रपटात रमण्याचा प्रयत्न केला नाही. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिचे निधन झाले, तेव्हाही वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख ‘दुर्गा’ असाच केला. दुर्गेच्या संदर्भात विचारात घ्यावयाची गोष्ट आहे ती सुब्रत मित्र यांच्या कामगिरीची. कादंबरीत दुर्गा हिवतापाने दीर्घकाळ खंगते. तिच्या मरणाला असे एक कारण नाही, ते गावच्या हवेतच आहे. चित्रपटाला कारण हवे होते, आणि ते पावसाने पुरविले. तळ्यावर पाणकिडे नाचू लागतात, कमळांच्या पानांवर वारा येतो, गळ टाकून बसलेल्या माणसाच्या टकलावर पहिला थेंब पडतो. मग दुर्गा केस मोकळे सोडून त्या सरींत गिरक्या घेते आणि अपू झाडाखाली कुडकुडत उभा राहतो. निसर्गाकडे रेंगाळत पाहण्याची बिभूतिभूषणांची जी सवय आहे, ती येथे छायालेखकाने उचलली आहे. मात्र कादंबरीतील निसर्ग कथेची वाट पाहत नाही. तो आपल्या ठिकाणी आहे. चित्रपटातील निसर्ग एका मुलीच्या मृत्यूची पूर्वतयारी करतो. चित्रे इतकी निर्मळ आहेत की त्यांच्या या हेतूकडे लक्षच जात नाही. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका आगीत होरपळली, आणि २०१५ साली तिच्यावरून सिद्ध झालेली जीर्णोद्धारित प्रत जगापुढे आली, तेव्हा या नवख्या छायालेखकाने करड्या रंगाच्या किती छटा पकडल्या होत्या, ते नव्या पिढीस प्रथमच दिसले.

दुर्गेच्या शेवटच्या रात्रीचे श्रेय मात्र बन्सी चंद्रगुप्त यांच्याशी वाटून घ्यावे लागेल. दिवसाची दृश्ये कलकत्त्याजवळच्या बोडाल गावातील एका पडक्या घरात घेतली, रात्रीची आतील दृश्ये स्टुडिओत उभारलेल्या घरात. वादळात कुरकुरणारे दार, त्याला सर्वजयेने लावलेला टेकू, फडफडणारा पडदा, कोनाड्यात डुलू लागलेली गणपतीची मूर्ती. यांतले घर खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे ओळखता येत नाही. कलादिग्दर्शकाला याहून मोठी पावती नाही, आणि म्हणूनच ती त्याला कोणी देत नाही.

संगीताच्या बाबतीत परिस्थिती विलक्षण होती. रविशंकर दौऱ्यांत गुंतलेले. चित्रपटाचा निम्माच भाग त्यांना पाहता आला आणि एका रात्रीच्या सुमारे अकरा तासांच्या बैठकीत बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित झाले. पावसाला देस, दुर्गेच्या मृत्यूनंतर तोडी, असे तुकडे त्यांनी वाजवून दिले. जे कमी पडले त्यातले काही सतारवादन सुब्रत मित्र यांनी केले. या घाईचे दोष चित्रपटात दिसतात. काही ठिकाणी संगीत दृश्याला चिकटवल्यासारखे वाटते. परंतु एका जागी ते कादंबरीच्या निवेदकालाही मागे टाकते. बरेच दिवसांनी गावी परतलेला हरिहर आणलेल्या वस्तू एकेक करून सर्वजयेपुढे ठेवतो. शेवटी दुर्गेसाठी आणलेली साडी तो पुढे करतो. सर्वजया ती साडी दातांत धरते आणि कोसळते. तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईवर पटदीपाचे वरचे सूर येतात. ते वादन दक्षिणामोहन टागोर यांचे आहे. करुणा बॅनर्जी यांचा चेहरा, दक्षिणामोहनांचा गज आणि नटीचा आवाज काढून टाकण्याचा रायांचा निर्णय, या तिघांपैकी एक वजा केला तरी हा क्षण उभा राहत नाही. येथे कर्ता कोण, असे विचारणाऱ्याला उत्तर देणे कठीण आहे.

आणि अपू? ज्याच्यासाठी कादंबरी लिहिली गेली, तो या सर्वांत कोठे आहे? वृत्तपत्रांत जाहिराती देऊनही मनाजोगा मुलगा मिळेना. अखेर रायांच्या पत्नी विजया राय यांना शेजारच्या गच्चीवर खेळणारा सुबीर बॅनर्जी दिसला. डोळे अप्रतिम, अभिनय मात्र शून्य. १९५२ च्या २७ ऑक्टोबरला काशाच्या फुललेल्या शेतात पहिले चित्रण झाले, तेव्हा बहिणीला शोधणाऱ्या मुलासारखे चालणेही त्याला जमेना. रायांनी वाटेत काटक्या टाकून ठेविल्या आणि ठिकठिकाणी माणसे दडवून त्यांना त्याला हाका मारावयास सांगितले. तेव्हा कोठे तो थबकू, वळू आणि पाहू लागला. (पुढच्या रविवारी मंडळी त्याच जागी गेली तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकली होती, उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले. पैशाअभावीही काम पुन्हा पुन्हा बंद पडले आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारने ते पुरे करविले. या काळात मुले फारशी वाढली नाहीत आणि म्हातारी जगली, याला रायांनी नशीबच म्हटले आहे.)

काटक्यांची ही युक्ती दिग्दर्शकाच्या हुशारीचा दाखला म्हणून सांगितली जाते. ती दुसऱ्याही एका गोष्टीचा दाखला आहे. ज्या मुलाला चालणे बाहेरून शिकवावे लागते, त्याच्याकडून कर्णासाठी झुरणारा, उडण्याची स्वप्ने पाहणारा अपू मिळणार नाही, हे रायांना पहिल्याच दिवशी उमगले असले पाहिजे. त्यांनी ती अपेक्षा सोडली आणि मुलाच्या डोळ्यांचा उपयोग केला. चित्रपटात अपू प्रथम दिसतो तो एका डोळ्याच्या रूपाने : दुर्गा पांघरुणाचे भोक फाकविते आणि आत एक टपोरा डोळा उघडतो. तेथून तो पाहतच राहतो. पंतोजीकडे पाहतो, आई ताईला मारते ते पाहतो, जत्रेतले नाटक पाहतो आणि घरी येऊन बेगडीचा मुकुट डोक्यावर घालतो. कादंबरीत त्या नाटकाने त्याच्या मनात जे वादळ उठते, त्याचे एवढेच चिन्ह पडद्यावर उरले आहे.

आगगाडीच्या प्रसंगात हा फरक उघड होतो. कादंबरीत भावंडे रेल्वे पाहावयास धावतात, वाट चुकतात आणि गाडी न पाहताच परततात. आजारी दुर्गा, बरी झाल्यावर एकदा गाडी दाखवशील काय, असे अपूला विचारते. तिची ती इच्छा तशीच राहते. न पाहिलेली गाडी हीच तेथे खरी गाडी आहे, कारण ती अपूच्या मनात धावते. चित्रपटात गाडी येते. काशाच्या पांढऱ्या फुलांवर काळा धूर पसरतो, दुर्गा मागे अडखळून राहते आणि अपू रुळांपाशी पोचतो. भारतीय चित्रपटातील हे अविस्मरणीय दृश्य होय, यात वाद नाही. पण ते पाहणाऱ्याचे दृश्य आहे, कल्पिणाऱ्याचे नव्हे. मनातली गाडी दाखविण्याचे साधन रायांपाशी नव्हते असे नाही. ती ज्याच्या मनात धावावी असा नट त्यांच्यापाशी नव्हता.

याला उणीव म्हणावे काय? कादंबरीच्या बाजूने पाहता ही उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ‘पथेर पांचाली’ चित्रपट पाहून ज्याने कादंबरी वाचली नाही, त्याला अपूची ओळख अद्याप व्हावयाची आहे. ‘अपूर संसार’मध्ये (१९५९) सौमित्र चटर्जी आले, तेव्हा कल्पनेत जगणारा अपू पडद्यावर प्रथम अवतरला, पण तो तरुण अपू होता, त्याचे बालपण हुकलेच. चित्रपटाच्या बाजूने पाहता मात्र असे म्हणावे लागते की, अपू रिकामा राहिला म्हणूनच त्याच्या भोवतीच्या बायका भरून आल्या. पाहणारा मुलगा मधोमध उभा असल्यामुळे जे पाहिले जात होते त्याला वजन आले. कादंबरीत या तिघी अपूच्या स्मृतीत जगतात. चित्रपटात त्या आपापल्या बळावर जगतात आणि त्यांतील दोघी मरतात.

चित्रण बहुतांशी कथाक्रमाने झाले, आणि मंडळी काम करता करता शिकत गेली; उत्तरार्ध अधिक बांधेसूद आहे, हे रायांनी स्वतःच मान्य केले होते. आरंभीचे काही प्रसंग लांबतात, आणि न्यूयॉर्कची मुदत गाठण्यासाठी दुलाल दत्त यांना रात्रंदिवस बसून संकलन उरकावे लागले, हे तेथे जाणवते. परंतु या शिकण्यात सुबीर बॅनर्जीही सामील होता, हे विसरले जाते. दुर्गा गेल्यानंतरचा एक छोटा प्रसंग आहे. अपू एकटाच दात घासतो. केस विंचरावयास आता ताई नाही, म्हणून स्वतःच विंचरतो. तेलाची बाटली घेऊन घराबाहेर पडतो, आभाळाकडे पाहतो, परत फिरतो आणि छत्री घेऊन जातो. संवाद नाही, संगीताचा आधार नाही, वाटेत काटक्याही टाकलेल्या नाहीत. पावसाने बहीण नेली, हे या मुलाला कळले आहे.

त्यानंतर गाव सोडण्याची निरवानिरव चालू असता फळीवरच्या करवंटीतून एक कोळी निसटतो आणि आत तो हार सापडतो. चोरीचा आळ खरा होता. कादंबरीत या जागी सोन्याची डबी आहे, अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो, आणि हे गुपित त्याने जन्मभर कसे जपले याकडे निवेदक लक्ष वेधतो. चित्रपटात अपू धावत तळ्यापाशी जातो आणि हार पाण्यात फेकतो. शेवाळ क्षणभर फाकते, पाण्याचा काळा गोल दिसतो, आणि शेवाळ पुन्हा हळूहळू मिटत येते. कॅमेरा त्या गोलावर थांबतो. आणि सुबीर बॅनर्जी, ज्याला पहिल्या चित्रणाच्या वेळी हाका मारून वळवावे लागत होते, कोणी न सांगता तेथे उभा राहून पाहत असतो.